पाण्याआधी बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवायचे म्हटले की घरातली मोठी माणसे धास्तावतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे आपण म्हणतो, पण माणसाचे बिऱ्हाड पाठीवर मावत नाही. कपाटे, पोती, पिंपे, वळकट्या, देवघर, शिलाईयंत्र, मुलांची दप्तरे असे सगळे एकाच दिवशी डोळ्यांसमोर उभे राहते आणि सुरुवात कोठून करावी तेच कळेनासे होते.

बदली झालेल्या किंवा नवे घर घेतलेल्या कुटुंबावर हा प्रसंग पाच-दहा वर्षांतून एकदा येतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडीत मात्र नदीकाठच्या घरांना पावसाळ्यात केव्हाही बिऱ्हाड हलवायची तयारी ठेवावी लागते. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेले हे गाव. पाणी चढू लागले की घाटाजवळचे पेढ्यांचे आणि कवठाच्या बर्फीचे दुकानदार माल वर नेतात, घरांतील पोती माळ्यावर चढतात आणि जनावरे उंचावरच्या गावांकडे निघतात. नव्या घराची वाट पाहता येते, नदी मात्र थांबत नाही. म्हणून बिऱ्हाड हलवण्याचे शास्त्र शिकायला याहून चांगली जागा शोधूनही सापडणार नाही.

हे शास्त्र फार अवघड नाही. नववी-दहावीच्या पुस्तकातले कार्य, ऊर्जा, घनता आणि उत्प्लावक बल एवढे आठवले तरी पुरे.

नदी सांगून येते

नृसिंहवाडीच्या पुराची एक गंमत अशी, की तो बहुधा वाडीच्या पावसाने येतच नाही. शिरोळ तालुका सह्याद्रीपासून दूर, कमी पावसाच्या पट्ट्यात आहे. त्याच जिल्ह्यातील घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला याच्या कित्येक पट पाऊस पडतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णेला कऱ्हाडला कोयना आणि सांगलीजवळ वारणा मिळते. हे सारे पाणी शेवटी वाडीच्या संगमापाशी येते. त्यामुळे वाडीत लख्ख ऊन पडले असतानाही नदी चढत असते.

कृष्णा फुगलेली असेल तर आणखी एक घोटाळा होतो. पंचगंगेचे पाणी पुढे सरकायला जागा मिळत नाही आणि ते मागे तुंबते. इथला प्रदेश सपाट आणि नदीचा उतार अगदी मंद. म्हणून पाणी चढते तसे ते उतरायलाही वेळ घेते.

पण पाणी दुरून येते याचा मोठा फायदाही आहे. ते वर्दी देऊन येते. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन बंधाऱ्यांवरील पाणीपातळी रोज जाहीर करते. त्यात राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, नृसिंहवाडी आणि राजापूर अशी नावे ओळीने येतात. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेथील पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते आणि २०२१ च्या जुलैत ५६ फुटांच्या वर.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. राजारामला ३९ फूट म्हणजे नदी ३९ फूट खोल आहे असे नव्हे. प्रत्येक ठिकाणच्या मोजपट्टीचे शून्य निरनिराळ्या उंचीवर असते. म्हणून राजारामचे फूट आणि नृसिंहवाडीचे फूट एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. एकाच मोजपट्टीवरचा आकडा तासागणिक किती बदलतो, हे मात्र फार अर्थपूर्ण आहे.

समजा, सकाळी ६ वाजता एका मोजपट्टीवर ५० फूट पाणी होते आणि दुपारी १२ वाजता ते ५१ फूट ६ इंच झाले. सहा तासांत १८ इंच, म्हणजे तासाला ३ इंच. तुमच्या घरापासून बाहेर जाणाऱ्या रस्त्यावर ५५ फुटांना पाणी येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. उरले साडेतीन फूट, म्हणजे ४२ इंच. भागाकार सोपा आहे : १४ तास. दुपारी १२ नंतर १४ तास म्हणजे रात्रीचे २. पण रात्री अंधारात, वीज गेलेली असताना, कोणी सामान हलवू नये. तेव्हा तुमच्या हातात खरे तर १४ तास नसून सूर्यास्तापर्यंतचे सहा-सात तासच आहेत.

हा हिशेब दर दोन-तीन तासांनी पुन्हा करावा लागतो. वर धरणातून पाणी सोडले तर चढण्याचा वेग वाढतो, आणि पाणी पात्राबाहेर पसरू लागले की तेवढ्याच पाण्याने पातळी कमी चढते. सकाळचा वेग संध्याकाळी राहीलच असे धरून चालू नये.

कोणती खूण आपली?

वरच्या हिशेबात आपण घराच्या उंबऱ्याची उंची घेतली नाही, रस्त्याची घेतली. हे मुद्दाम केले. पूर आला की वाडी बेटासारखी होते. घरात पाणी शिरण्याच्या आधी बाहेर जाणारा रस्ता बुडतो, कारण रस्त्यावर कोठे तरी एक खोलगट जागा असतेच. म्हणून प्रत्येक घराला दोन खुणा लागतात. जे गावाबाहेर न्यायचे आहे त्याच्यासाठी रस्त्यातील सर्वांत खोलगट जागेची खूण, आणि जे घरातच वर चढवायचे आहे त्याच्यासाठी उंबऱ्याची खूण. आजारी माणसे, लहान मुले आणि जनावरे यांचा हिशेब नेहमी पहिल्या खुणेवर करायचा.

उंबऱ्याची खूण कशी काढायची? मागच्या पुरात पाणी कोठवर आले होते याच्या रेघा अनेक भिंतींवर असतात. त्या दिवशीचा मोजपट्टीचा आकडा नोंदलेला असतो. गवंडी दोन भिंतींची पातळी जुळवण्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती तुम्ही पाहिली असेल. नळीच्या दोन्ही तोंडांशी पाणी एकाच पातळीत उभे राहते. त्या नळीने चौकातल्या भिंतीवरची रेघ तुमच्या घराच्या भिंतीवर आणता येते. मग उंबरा त्या रेघेच्या किती वर किंवा खाली आहे ते साध्या टेपने मोजा. झाली तुमची खूण तयार.

जुन्या रेघेचा उपयोग मात्र मापासाठी करायचा, भरवशासाठी नाही. २००५ च्या पुरात आपल्या घरी पाणी आले नव्हते, तेव्हा आताही येणार नाही, असा हिशेब २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठी अनेकांनी केला, आणि पाणी जुन्या रेघेवर थांबले नाही. मागचा पूर ही नदीची कमाल मर्यादा नसते. ती फक्त एका वर्षाची नोंद असते.

देवळाची रीत

खूण ठरवून बिऱ्हाड हलवण्याचा उत्तम नमुना वाडीच्या दत्तमंदिरातच पाहायला मिळतो. मंदिर अगदी नदीच्या घाटावर आहे. पाणी वाढून मंदिरात शिरते, मनोहर पादुकांना स्पर्श करते आणि दक्षिणेकडील दारातून बाहेर पडते. यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या वेळी स्नानासाठी दुरून लोक येतात. पादुका जागच्या हलत नाहीत. उत्सवमूर्ती मात्र पाणी येताच वरच्या बाजूच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि तेथील नित्यक्रम पुढे चालू राहतो.

भाविकांच्या दृष्टीने ही श्रद्धेची गोष्ट आहे. आपण त्यातली व्यवस्था पाहू. काय हलवायचे, काय हलवायचे नाही, केव्हा हलवायचे आणि कोठे न्यायचे, हे चारही प्रश्न पाणी येण्याच्या कितीतरी आधी सुटलेले असतात. पाणी पायरीला लागल्यावर कोणी चर्चा करत बसत नाही. आपल्या घरात नेमके उलटे होते. पाणी अंगणात येते आणि मग शिलाईयंत्र आधी की धान्य आधी, यावर वाद सुरू होतो.

जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहिला. माणूस एका वेळी साधारण सातच्या आसपास गोष्टी मनात धरू शकतो, असे त्याने दाखवले. घरात वस्तू असतात शेकड्यांनी. भीती, घाई आणि अपुरी झोप यांत तर हे सातही राहत नाहीत. म्हणून बिऱ्हाडाचा ताण कमी करायचा पहिला उपाय दंडात नसून कागदावर आहे. निर्णय कोरड्या दिवशी घ्यायचे आणि ओल्या दिवशी फक्त ते पाळायचे.

यादी करताना एक साधा भागाकार उपयोगी पडतो. प्रत्येक वस्तूला 'ती गेली तर किती अडेल' यासाठी १ ते १० गुण द्या आणि त्याला वस्तूच्या वजनाने भागा. सात-बारा, शिधापत्रिका, शाळेचे दाखले आणि बँकेची पुस्तके यांना १० गुण आणि वजन अर्धा किलो, म्हणजे भागाकार २०. आजोबांची औषधे तशीच. ६० किलोच्या सोफ्याला ३ गुण दिले तरी भागाकार येतो ०.०५. जास्त भागाकाराची वस्तू आधी उचलायची. सोफ्याच्या मागे घरातले चार तगडे लोक पाऊण तास अडकले तर काय होते, हे या दोन आकड्यांवरून दिसतेच.

आता ही यादी खुणांना बांधा. समजा, पाणी उंबऱ्याच्या १० फूट खाली आहे तोवर कागदपत्रे, औषधे, शाळेची पुस्तके आणि वर्षाचे बियाणे वर जाईल. रस्त्याच्या खुणेला ३ फूट उरले की वृद्ध, लहान मुले आणि जनावरे गावाबाहेर जातील. उंबऱ्याला ६ फूट उरले की धान्य आणि विजेची उपकरणे. ४ फूट उरले की भांडीकुंडी आणि वळकट्या. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक घराचे आकडे वेगळे येतील, आणि रस्ता घराच्या किती आधी बुडतो त्यावरून मधला क्रमही बदलेल. पण एकदा कागद भिंतीवर लागला की शेकडो वस्तूंचा डोंगर चार लहान ढिगांत वाटला जातो, आणि एका वेळी एकच ढीग समोर असतो.

खरे ओझे कोणाचे?

आता प्रत्यक्ष वजन उचलू या. समजा, घरातले १५०० किलो सामान ३ मीटर उंच माळ्यावर न्यायचे आहे. पुस्तकातले सूत्र वापरा :

कार्य = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची = १५०० × ९.८ × ३ = ४४,१०० जूल.

आकडा मोठा दिसतो, पण एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४,१८५ जूल. तेव्हा हे कार्य साडेदहा किलोकॅलरी इतकेच भरते. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा अशा कामात उतरवू शकतात, म्हणून चारपट धरा : ४२ किलोकॅलरी. साखरेच्या एका ग्रॅममधून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे सारे बिऱ्हाड माळ्यावर चढवायला दोन चमचे साखर पुरावी!

मग अर्ध्या तासात घाम का फुटतो? कारण आपण फक्त सामान चढवत नाही. दर खेपेला १५ किलो न्यायचे तर १०० खेपा होतात, आणि दर खेपेला ६० किलोचा माणूसही जिना चढतो. त्याचा हिशेब करा :

६० × ९.८ × ३ × १०० = १,७६,४०० जूल.

सामानाच्या बरोबर चौपट! आपण दमतो ते मुख्यतः स्वतःलाच शंभर वेळा माळ्यावर चढवून. शिवाय रिकाम्या हाताने उतरतानाही स्नायूंना काम पडतेच, आणि ओझे घेऊन जिन्यात नुसते थांबले तरी ताकद खर्च होते, ते वेगळेच.

उपाय तुम्ही बांधकामावर पाहिला आहे. स्लॅब टाकताना मजूर शिडीवर आणि परातीवर ओळीने उभे राहतात आणि काँक्रीटची घमेली हातोहात वर जातात. माणूस जागेवर राहतो, माल चढतो. जिन्यावर दोन-दोन पायऱ्या सोडून सहा जण उभे केले, तर प्रत्येकाला वस्तू अर्धाच मीटर वर द्यायची असते. दर दहा सेकंदांना एक वस्तू पुढे गेली, तर १०० वस्तूंना सुमारे १७ मिनिटे लागतात. त्याच सहा जणांनी प्रत्येकी दोन मिनिटांची एक खेप करत सामान नेले, तर ३३ मिनिटे लागतील, आणि तीही अरुंद जिन्यात कोणी कोणाला आडवे आले नाही तर. वेळ निम्मा झालाच, शिवाय एक लाख शहात्तर हजार जूल जवळजवळ पूर्ण वाचले.

अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ नावाच्या माणसाने तरुणपणी गवंडीकाम करताना नेमकी हीच गोष्ट हेरली. गवंडी दोन-तीन किलोच्या विटेसाठी दर वेळी वाकतो आणि विटेबरोबर स्वतःचा अर्धा देह उचलतो. गिलब्रेथने विटा कमरेच्या उंचीवर ठेवता येतील असा पाळणा बनवला आणि एक वीट रचायच्या १८ हालचालींपैकी १३ कमी करून ५ वर आणल्या. या अनुभवावर त्याने १९०९ आणि १९११ मध्ये पुस्तके लिहिली. आपल्यालाही हे करता येते. जिन्याच्या तळाशी एक टेबल किंवा बाक ठेवा आणि बांधलेले सामान आधी त्यावर आणा. साखळीतल्या पहिल्या माणसाला वाकावे लागणार नाही. या साखळीसाठी शेजारी लागतात, हे खरे. पण आज आपली साखळी त्यांच्या जिन्यावर आणि उद्या त्यांची आपल्या जिन्यावर, हा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा आहे.

खोके आणि माळा

बांधाबांध करताना एक चूक फार जण करतात. मोठे खोके मिळाले की त्यात पुस्तके भरतात. ३० सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती खोक्याचे आकारमान २७ लिटर. पुस्तके दाबून भरली तर त्याचे वजन सुमारे २० किलो होते. बाजू दुप्पट, म्हणजे ६० सेंटिमीटर केली, तर आकारमान दुप्पट नव्हे, आठपट होते. वजन भरते १६० किलो! ते कोणालाच उचलत नाही आणि खोक्याचा तळ फाटतो तो वेगळाच. म्हणून जड वस्तू लहान खोक्यात आणि हलक्या वस्तू मोठ्या खोक्यात. काचेच्या बरण्यांभोवती साड्या आणि चादरी गुंडाळल्या की कपड्यांचे वेगळे गाठोडे लागत नाही आणि बरण्याही सुरक्षित राहतात.

कपाट सरकवायचे असेल तर आधी ते रिकामे करा आणि पायांखाली गोणपाट घाला. घर्षण बल वजनाच्या प्रमाणात असते, म्हणून वजन कमी केले की ढकलायचा जोरही कमी लागतो. जोर कमरेखाली लावा. वर लावला तर कपाट सरकण्याऐवजी कलंडते.

माळ्यालाही मर्यादा असते. राहत्या घराच्या स्लॅबचा आराखडा करताना आपल्याकडे साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो इतका वापराचा भार धरतात. ३ मीटर × ३ मीटर खोलीत हे १८०० किलो होतात, पण सगळीकडे सारखे पसरले तर! खोलीच्या मध्यभागी एक चौरस मीटरवर ५० किलोची दहा पोती रचली, तर तेथे ५०० किलो भार येतो. पोती भिंतींच्या कडेने, खाली तुळई असेल तेथे, पसरून ठेवावीत. जुन्या दगडमातीच्या घरातील लाकडी माळ्यावर तर याहून पुष्कळ कमी भार ठेवावा, कारण पूर आल्यावर त्याच माळ्यावर माणसेही बसणार असतात, आणि भिजलेल्या मातीच्या भिंती दुबळ्या होतात.

जड वस्तू तरंगतात

जे वर नेता येत नाही ते खालीच राहील, असे आपण समजतो. पाण्याचे मत वेगळे असते. आर्किमिडीजचे तत्त्व आठवा : वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर ढकलते.

५० किलोच्या फ्रिजचा तळ ६० सेंटिमीटर × ६० सेंटिमीटर, म्हणजे ३,६०० चौरस सेंटिमीटर आहे. ५० किलो पाण्याचे आकारमान ५०,००० घन सेंटिमीटर. भागाकार केला की १४ सेंटिमीटर येतात. म्हणजे घरात जेमतेम साडेपाच इंच पाणी आले की दार घट्ट बसलेला फ्रिज उचलला जाऊ लागतो, आणि मग कलंडतो. तो भिंतीला बांधून ठेवला तरी भिजायचा तो भिजेल, पण दार अडवणार नाही. पुरानंतर घरात जाताना दार उघडत नाही, त्याचे एक कारण आत तरंगून आडवे झालेले सामान हे असते.

गॅसचे सिलिंडर तर अधिकच फसवे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन साधारण साडेपंधरा किलो. एकूण ३० किलोच्या आसपास. आत सुमारे ३३ लिटर पाणी मावेल एवढी जागा असते, आणि पत्र्याचे स्वतःचे आकारमान दोन लिटर. तेव्हा सिलिंडर बुडवायचे तर ३५ लिटर पाणी बाजूला सारावे लागते, आणि त्याचे वजन ३५ किलो. ३० किलोची वस्तू ३५ किलो पाणी कशी सारणार? भरलेले सिलिंडरही तरंगते! म्हणून रेग्युलेटर बंद करून काढा, टोपण लावा आणि सिलिंडर वर न्या. ते जमणार नसेल, तर खिडकीच्या गजाला घट्ट बांधा. विजेचा मुख्य खटका पाणी यायच्या आधीच, कोरड्या हाताने बंद करायचा.

रिकामी पिंपे आणि टाक्या तर सर्वांत आधी तरंगतात. त्यांना पाण्यानेच भरून ठेवा. ती जागची हलणार नाहीत आणि पुरात ज्याची सर्वांत जास्त टंचाई होते, ते पिण्याचे पाणी हाताशी राहील.

नावेत फक्त माणसे

ज्या तत्त्वाने फ्रिज तरंगतो त्याच तत्त्वाने नावही तरंगते, आणि तिचा हिशेब फार कडक असतो. समजा, पाण्याच्या पातळीत नावेचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटर आहे. ती एक सेंटिमीटर अधिक बुडाली तर ६० लिटर जास्त पाणी बाजूला सारते, म्हणजे ६० किलो जास्त भार पेलते. एक माणूस, एक सेंटिमीटर. आता त्यात एक पोते, दोन ट्रंका आणि एक दूरदर्शन संच चढवा. माणसांची जागा सामानाने घेतली आणि नावेची कड पाण्याजवळ आली. भीतीने काही जण उभे राहिले की गुरुत्वमध्य वर जातो आणि नाव एका बाजूला कलली तर सावरत नाही.

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून अनेक माणसे बुडाली. नावेत प्रमाणाबाहेर माणसे चढली होती, असे तेव्हाच्या वृत्तांत आले. वाहते पाणी पायी ओलांडणेही तितकेच धोक्याचे आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. सेकंदाला एक मीटर वेगाच्या गुडघाभर पाण्यात उभे राहता येते, पण तोच वेग दोन मीटर झाला, तर डोक्यावर गाठोडे घेतलेला माणूस तोल सावरू शकत नाही.

यावरून एकच नियम निघतो, आणि या लेखातून एवढाच लक्षात राहिला तरी चालेल : सामान कोरड्या रस्त्याने जाते, नावेने नाही. नाव आली की माणसे, औषधे आणि कागदांची एक पिशवी, बस्स. राहिलेल्या वस्तूचा त्या क्षणी विचार करायचा नाही. तो विचार आपण उन्हाळ्यातच, भागाकार करताना, करून ठेवलेला असतो. ज्या घराने यादी केली आहे, त्या घरातील आजीला नावेत बसताना 'माझी पेटी राहिली' असे म्हणावे लागत नाही. तिची पेटी चार फूट पाणी कमी असतानाच माळ्यावर गेलेली असते.

बिऱ्हाड हलवण्याचे ओझे किलोंत मोजले तर दोन चमचे साखरेचे. ते जड होते ते उशिरा घेतलेल्या निर्णयांनी. तुमच्या गावाला नदी नसेल, वडिलांची फक्त बदली झाली असेल, तरी खूण, यादी, साखळी आणि लहान खोके ही चार साधने तितकीच उपयोगी पडतील.

करून पाहा

१. पावसाळ्यात आठ दिवस तुमच्या जवळच्या बंधाऱ्याची पातळी वर्तमानपत्रातून किंवा जिल्हा प्रशासनाच्या माहितीतून टिपा. आलेख काढा. रेघ कोठे सर्वांत उभी चढते? त्याच्या आधी घाटमाथ्यावर किती पाऊस पडला होता?

२. पाच मीटर पारदर्शक नळी आणि रंगीत पाणी घ्या. शाळेच्या एका भिंतीवरची खूण दुसऱ्या भिंतीवर न्या. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर उत्तर का चुकते?

३. शाळेच्या ग्रंथालयातील शंभर पुस्तके एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर न्या. एकदा सहा जणांनी खेपा करून, एकदा सहा जणांची साखळी करून. दोन्ही वेळा किती मिनिटे लागली? दोन्हींच्या शेवटी नाडीचे ठोके मोजा.

४. झाकण घट्ट बसणारा डबा रिकामा असताना तोला आणि त्याचे आकारमान काढा. तो पाण्यात किती सेंटिमीटर बुडून तरंगेल ते आधी वहीत लिहा, मग बादलीत सोडून पाहा. त्यात किती वाळू भरली की तो तळाला जाईल?

५. घरी सर्वांनी मिळून दहा वस्तूंची यादी करा. गुण आणि वजन लिहून भागाकार काढा. आई, वडील आणि आजी यांनी दिलेले गुण सारखे येतात का? येत नसतील तर यादी भिंतीवर लावण्यापूर्वी बोलून ठरवा. हे बोलणे पाऊस सुरू होण्यापूर्वीच झालेले बरे.